डिलिव्हरीवाला कुणाचा माणूस?

आकुर्डीतल्या एखाद्या कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्याच्या हाताला इजा झाली, तर पुढे काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुपरवायझर अपघाताची नोंद करतो, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड शोधलं जातं, चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयाकडे गाडी निघते. तिथे किती वेळ रांगेत जातो, उपचार कसे मिळतात, याबद्दल कामगारांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. पण हा माणूस कुणाचा, असं तिथे कुणी विचारत नाही. त्याच संध्याकाळी कारखान्याच्या भिंतीबाहेर, जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर, पाठीला चौकोनी पिशवी लावलेला मुलगा खडीवरून घसरला, तर सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो. हॉटेलवाला म्हणतो, आमचा नाही. ग्राहक म्हणतो, अ‍ॅपचा असेल. आणि अ‍ॅपच्या करारात लिहिलेलं असतं की तो स्वतंत्र भागीदार आहे, कंपनीचा नोकर नव्हे.

कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार, हा वाद वकिली वाटतो, पण त्याच्या उत्तरावर घर चालतं. कर्मचारी ठरला तर किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी, आणि कामावरून काढताना कारण सांगण्याचं बंधन. कंत्राटदार ठरला तर यातलं काहीच नाही. गाडी त्याची, हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचं, मोबाइलचा रिचार्ज त्याचा आणि आजारपणाचा खाडाही त्याचाच. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांचा उल्लेख असल्यामुळे हा प्रश्न सुटला, असा समज पसरला. तो सुटलेला नाही. उलट महाराष्ट्राने आता स्वतःचा कायदा केला नाही, तर हे घोंगडं आणखी दहा वर्षं भिजत पडेल, असं मला वाटतं.

आधी एक घोळ दूर करायला हवा. डिलिव्हरी म्हटलं की सगळे एकाच पंगतीला बसवले जातात, आणि तिथेच चर्चा भरकटते. प्राधिकरणातल्या किराणा दुकानाचा मुलगा सायकलवरून सामान पोचवतो. तो दुकानाचा पगारी नोकर आहे, त्यात शंका नाही. ऑनलाइन खरेदीची पार्सलं वाटणारा बहुधा मधल्या एखाद्या व्हेंडरकडे लागलेला असतो, आणि तो व्हेंडर मोठ्या कंपनीचं काम करतो. या पट्ट्याला चांगल्याच परिचयाच्या असलेल्या कंत्राटी कामगारांचा हा प्रकार. भोसरीच्या वर्कशॉपमधून चाकणच्या कारखान्यात सुटे भाग नेणारा टेम्पोमालक तिसराच. त्याच्याकडे दोन-तीन गाड्या असतात, ड्रायव्हर ठेवलेले असतात, चार कंपन्यांचं काम असतं, भाडं तो घासाघीस करून ठरवतो, परवडलं नाही तर सरळ नाही म्हणतो. हा खरा कंत्राटदार. त्याला कुणाचा नोकर म्हटलं तर त्यालाच राग येईल. वाद आहे तो चौथ्याबद्दल: अ‍ॅपवरून जेवण, किराणा आणि औषधं पोचवणाऱ्या दुचाकीवाल्याबद्दल. टेम्पोमालकाला शोभणारा शिक्का त्याच्यावर मारलेला आहे. त्याच्या कमाईतून टीडीएस कापला जातो तोही पगाराच्या नव्हे, तर कंत्राटाच्या कलमाखाली.

तो शिक्का खरा की खोटा हे ठरवण्याच्या कसोट्या नव्या नाहीत. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काय घडतं ते बघायचं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल सोडाच, घरोघरी टेलिफोन येण्याआधी सांगून ठेवलं आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा निकाल १९५७ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारे अगरिये हंगामापुरते येत. त्यांना जमिनीचा तुकडा नेमून दिला जाई. किती तास राबायचं ते त्यांचं ते ठरवत, मदतीला स्वतःच्या पैशाने माणसंही लावत. मोबदला पिकवलेल्या मिठाच्या मणावर. कंपनी म्हणाली, हे कंत्राटदार. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. अगरिया स्वतः राबतो, कंपनी कामाच्या प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवते, प्रतीचं नसलेलं मीठ नाकारते. तेव्हा तो कामगारच, असा निकाल झाला. कामाचे तास स्वतः ठरवण्याची मुभा आणि नगावर मिळणारा मोबदला, या दोन्ही गोष्टी असूनही.

त्यानंतर विड्यांची प्रकरणं आली, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहेत. नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचा पगार मागितला. ते कारखान्याच्या वेळेत हवं तेव्हा येत, हवं तेव्हा जात, मजुरी विड्यांच्या संख्येवर. बिरधीचंद शर्मा प्रकरणात १९६१ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानलं, कारण वाईट वळलेली विडी बाजूला काढण्याचा अधिकार मालकाकडे होता आणि देखरेख त्यातच आली. यानंतर लगेचच शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण निकाली निघालं. पुन्हा विड्याच, पुन्हा रजेचाच पगार, येण्याजाण्याची तशीच मोकळीक. या वेळी बहुमताचा निकाल उलटा लागला: हजेरीवर नियंत्रण नाही, म्हणून तो कारखाने कायद्याखालचा कामगार नाही. एकाच राज्यातले, एकाच धंद्यातले, एकसारखं काम करणारी दोन माणसं. एकाला रजा मिळाली, दुसऱ्याला नाही. ही गत कोर्टाच्या भरवशावर सुधारणार नाही हे संसदेच्या ध्यानात आलं आणि १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार म्हटलं. कारखानदारांनी त्याला आव्हान दिलं, कायदा टिकला.

१९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. शिंप्यांना नगावर पैसे मिळत, रोज यायची सक्ती नव्हती, दुसरीकडे काम करायची मनाई नव्हती, काही जण कापड घरी नेऊन शिवत. तरी ते दुकानाचे कामगार ठरले. शिलाई पसंत पडली नाही तर कपडा परत देण्याचा आणि पुन्हा काम न देण्याचा अधिकार ज्याच्या हातात, नियंत्रण त्याच्या हातात, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढे १९७८ मध्ये हुसेनभाई प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधल्या कंत्राटदाराचा पडदा बाजूला सारला. कामगाराचं पोट ज्याच्या धंद्यावर अवलंबून, ज्याने हात आखडला की कामगार उघड्यावर येतो, तो खरा मालक, ही कसोटी त्यांनी दिली.

आता या कसोट्या हातात घेऊन आकुर्डी स्टेशन आणि प्राधिकरणाच्या मधल्या रस्त्यावर संध्याकाळी सात-साडेसातला उभं राहावं. किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामांबाहेर दुचाक्यांची रांग असते, मुलं गाडीवरच बसून असतात, नजर मोबाइलवर. मोबाइल वाजतो. अंतर आणि रक्कम दिसते, स्वीकारायला काही सेकंद मिळतात. ती रक्कम त्याने ठरवलेली नाही, ती कशी निघाली हेही त्याला कळत नाही. तोच रस्ता, तेच अंतर, काल वेगळी रक्कम होती. स्वीकारली की नकाशावर त्याचा ठिपका हलू लागतो आणि तो कंपनीला दिसतो, ग्राहकालाही दिसतो. हॉटेलने पदार्थ उशिरा दिला तर ते वेटिंग त्याच्या खिशातून जातं. ऑर्डर नाकारल्याची नोंद राहते. ग्राहकाने दिलेले तारे जमा होतात. दिवसाची खरी कमाई एकेका ऑर्डरीत नसतेच; ती असते इन्सेंटिव्हमध्ये, म्हणजे इतक्या ऑर्डरी पुऱ्या केल्या, इतके तास लॉगिन राहिला, शनिवार-रविवार आला, तर वरचे पैसे. त्या पायरीच्या एक-दोन ऑर्डरी अलीकडे असताना कोणी घरी जात नाही, मग रात्रीचे साडेअकरा का वाजेनात. आणि या सगळ्यावर टांगती तलवार आयडीची. ही मुलं नोकरी गेली असं म्हणत नाहीत. आयडी ब्लॉक झाला, असं म्हणतात. कारण विचारायला टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा, नंबर असतो किंवा अ‍ॅपमधलं मदतीचं बटण, ज्यातून ठरावीक उत्तरं येतात.

अगरियाचं मीठ नाकारलं जायचं, विडीवाल्याची विडी, शिंप्याची शिलाई. यांच्यापैकी कुणाच्याही पाठीवर दर सेकंदाला नजर नव्हती. नियंत्रण ही कसोटी असेल तर अ‍ॅपवरचा मुलगा त्या तिघांपेक्षा जास्त बांधलेला आहे. दर कंपनी ठरवते, ग्राहक कंपनीचा, दंड कंपनीचा, आणि ग्राहकाशी ओळख वाढवून परस्पर धंदा करण्याची सोय नाही. किती मिनिटांत पोचायचं हेही ती जाहिरातीत छापत होती. गिग कामगारांच्या ३१ डिसेंबर २०२५ च्या देशव्यापी संपानंतर, जानेवारी २०२६ मध्ये, केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटने दहा मिनिटांचं वचन जाहिरातीतून काढलं. मिनिटांचा शब्द कंपनीने द्यायचा आणि गाडी दामटायची ती याने, अशा व्यवस्थेत स्वतंत्र कोण?

कंपन्यांची बाजू पोकळ मात्र नाही, आणि ती नीट ऐकून घ्यायला हवी. त्यांचं म्हणणं असं: कुणाला यायची सक्ती नाही, रजेचा अर्ज नाही, एका वेळी दोन-तीन अ‍ॅपवर काम करता येतं, महिनाभर गावी जाऊन परत आलं तरी चालतं. हे खोटं नाही. आकुर्डी-निगडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं खर्चापुरते दोन-तीन तास मारतात. चाकणमध्ये कंत्राटावर असलेले कित्येक जण पहिली पाळी संपवून संध्याकाळी लॉगिन करतात, कारण तिथल्या पगारात घरभाडं आणि गावाकडे पाठवायचे पैसे एकदम निघत नाहीत. पीएफ कापला जाईल, हातात कमी येईल, पाळ्या लागतील, अशी भीती स्वतः डिलिव्हरी करणाऱ्यांतही आहे. आणि सगळ्यांना नोकरीत घ्यायचं ठरलं तर कंपन्या माणसं कमी करून उरलेल्यांना तास बांधून देतील, हा धोका खरा आहे. तीन अ‍ॅप उघडी ठेवून चौकात थांबलेल्या मुलाचा तो अर्धा तास कुणाच्या खात्यावर टाकायचा, याचं सोपं उत्तर कुणाकडेच नाही.

पण येण्याजाण्याची मोकळीक म्हणजे कंत्राटदारी, हे समीकरण शिंप्यांच्या निकालाने कधीच मोडीत काढलं आहे. अर्धवेळ कर्मचारी हा प्रकार कायद्याला अपरिचित नाही. शिवाय मोकळीक दोन तासवाल्याची आणि बारा तासवाल्याची सारखी नसते. गाडीचा हप्ता फेडायचा असलेला, सकाळी नऊपासून एकाच कंपनीच्या टी-शर्टमध्ये फिरणारा माणूस कोणत्या अर्थाने मोकळा आहे? विद्यार्थ्याच्या सोयीचं उदाहरण पुढे करून या माणसाचा हक्क नाकारला जातो, हे मला अजिबात पटत नाही.

पिंपरी-चिंचवडला हा खेळ नवा नाही. या पट्ट्याचा कामगार इतिहास एका अर्थाने मस्टरवरून नाव बाहेर ठेवण्याच्या युक्त्यांचाच इतिहास आहे. आकुर्डीच्या बजाजमध्ये पर्मनंट असणं म्हणजे काय, हे इथल्या जुन्या पिढीला सांगावं लागत नाही. मुलाचं लग्न त्या एका शब्दावर जमायचं. २००७ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, आणि कारखानदारीचा जोर चाकणकडे सरकला तसतशी पर्मनंटची संख्या आटत गेली. आधी कंत्राटी आले. मग ट्रेनी आले. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये नीम ही योजना आणली. कागदावर ते प्रशिक्षण होतं, पण शॉप फ्लोअरवर ती मुलं पर्मनंटच्या शेजारी उभी राहून तेच काम करत. स्टायपेंड किमान वेतनाइतका, पण नियमांनीच ती कर्मचारी नव्हेत असं ठरवलेलं, म्हणून पीएफ नाही की ईएसआय नाही. योजना पुढे बंद झाली, तोवर हजारो मुलांची उमेदीची वर्षं त्यात गेली होती. तिथून बाहेर पडलेला मुलगा आज अ‍ॅपवर असला तर त्याला हे ओळखीचंच वाटत असणार.

न्याय मागायला गेलं की काय होतं, तेही पुण्यानेच पाहिलं आहे. कल्याणी स्टील्सच्या कँटीनमधल्या कंत्राटी कामगारांची बाजू घेऊन विविध कामगार सभा ही संघटना औद्योगिक न्यायालयात गेली. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा अनुचित कामगार प्रथांविरुद्ध दाद देतो, त्याखाली ही तक्रार होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगार नातंच जिथे वादात आहे तिथे ही तक्रार चालणार नाही. आधी वेगळ्या मार्गाने नातं सिद्ध करून या. सिप्लाच्या प्रकरणात त्याच वर्षी तीच भूमिका घेतली गेली. थोडक्यात, आपण कामगार आहोत हे ठरवून घ्यायला एक लढाई, आणि त्यानंतर अन्यायाची दुसरी. पर्मनंटचा आधार असलेल्या युनियनला हे कसंबसं पेलतं. रोज गाडीत पेट्रोल टाकून रोज कमावणाऱ्याला ते पेलणार नाही. अ‍ॅपवरच्या वाहतूक कामगारांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्याकडे डोळे लावून बसलेल्यांना याची चांगलीच कल्पना आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ओलाच्या चालकाला कर्मचारी मानलं, पण तेही लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यापुरतं, आणि प्रकरण अपिलात गेलं.

बाहेरच्या देशांत काय चाललं आहे ते थोडक्यात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबरचे चालक कामगार असल्याचं एकमताने ठरवलं. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनीच्या, नकार मोजले जातात, ही कारणं जवळपास आपल्या चौकातलीच. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरूच्या रायडरना मात्र तो दर्जा नाकारला, कारण करारानुसार ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होते. अगरियासुद्धा मदतनीस ठेवत होता, तरी आपल्या न्यायालयाने ते आड येऊ दिलं नाही, हे इथे लक्षात ठेवावं. स्पेनने २०२१ मध्ये कायदाच केला: रायडर हा कर्मचारीच धरायचा, तसं नाही हे कंपनीने दाखवावं. कॅलिफोर्नियात तसाच कायदा झाला, मग २०२० मध्ये कंपन्यांनी अफाट पैसा ओतून जनमताने स्वतःपुरती सूट मिळवली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानेही पुराव्याचा भार कंपनीवर ढकलला आहे. या सगळ्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती स्पेनची: सिद्ध करण्याचं ओझं दुबळ्याच्या डोक्यावरून उतरवणं.

आपल्या नव्या संहितेने ते उतरवलेलं नाही. पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर राहून काम करतो आणि कमावतो तो गिग कामगार, अशी तिची व्याख्या आहे. नात्याच्या बाहेर म्हटल्यावर वेतन संहितेतलं किमान वेतन आणि औद्योगिक संबंध संहितेतलं संरक्षण त्याच्यापर्यंत पोचत नाही. मिळतो तो एक निधी: कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम भरायची, पण गिग कामगारांना दिलेल्या किंवा द्यायच्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यातून विमा, आरोग्य, म्हातारपण यांच्या योजना यायच्या आहेत. नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम, अशी अट आहे. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होण्याचा अंदाज दिला होता. इतक्या माणसांची दखल कायद्याने घेतली, हे चांगलंच झालं. पण ऑर्डरीचा दर निम्म्यावर आला किंवा आयडी रातोरात बंद झाला, तर हा निधी कुठेही मध्ये येत नाही. मात्र त्या व्याख्येत एक खिडकी उघडी आहे. संहिता कुठल्याच विशिष्ट माणसाला नात्याबाहेरचा ठरवत नाही. नातं प्रत्यक्षात आहे, असं सिद्ध झालं तर ती आड येत नाही.

राज्यं याहून पुढे गेली आहेत. राजस्थानने जुलै २०२३ मध्ये देशातला पहिला गिग कामगार कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला, आणि तो जास्त नेमका आहे. प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या रकमेवर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क; म्हणजे ऑर्डरीचे चाळीस रुपये दिले तर चाळीस पैसे ते दोन रुपये. कामावरून काढताना चौदा दिवसांची नोटीस आणि लेखी कारण. काम आणि दर ठरवणारी यंत्रणा कशी चालते याची माहिती मागण्याचा हक्क. महाराष्ट्रात या धर्तीवर काही नाही. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की माणसं वाहून नेणाऱ्या अ‍ॅपसाठी केंद्राने २०२० मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या: चालकाला पाच लाखांचा आरोग्य विमा, दहा लाखांचा मुदत विमा, भाड्यातला किमान ऐंशी टक्के वाटा, दिवसाला बारा तासांची मर्यादा. पुण्याच्या परिवहन प्राधिकरणाने रॅपिडो या बाइक टॅक्सीच्या अ‍ॅपला परवाना नाकारला आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची सेवा थांबवायला लावली, इतका हा कारभार नियमांत बसवता येतो. त्याच रस्त्यावर, त्याच दुचाकीवर मागे माणसाऐवजी मिसळ असली की सरकारला काही घेणंदेणं उरत नाही.

आणि हे त्या महाराष्ट्रात, ज्याने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे. हमाल कुणाचा नोकर, याचं उत्तर त्या वेळीही मिळत नव्हतं. सकाळी एका आडत्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा, मजुरी नगावर, टोळी आपली आपण जमलेली. आडते म्हणायचे, हा आमचा माणूस नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत बांधली, आणि त्या रेट्यातून आलेल्या कायद्याने नोकर की कंत्राटदार हा वादच ओलांडला. कामगार या शब्दात त्याने कुणाच्याही नोकरीत नसलेला, पण मालकाच्या परवानगीने किंवा त्याच्याशी ठरवून काम करणारा माणूसही घेतला. सरकार, मालक आणि कामगार यांचं मिळून मंडळ. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही. मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी. मालक दहा असोत की शंभर, खातं एकच. तीन अ‍ॅपवर काम करणाऱ्याचा अर्धा तास कुणाचा, या प्रश्नाची धार इथे बरीच बोथट होते. जुन्या मोंढ्यात जे वहीवर जमलं, ते जिथे प्रत्येक ऑर्डरीची नोंद सेकंदासकट आहे तिथे का जमू नये?

माथाडी मंडळांचं सगळं आलबेल आहे, असं मात्र नाही. याच चाकण पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध उद्योजक वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. बोगस नोंदणी होते, पुढारी गब्बर होतात, मंडळांत माणसं अपुरी असतात. अ‍ॅपवरच्या कामाला ही कीड लागण्याची शक्यता कमी, कारण ऑर्डर न पोचवता नोंद होत नाही. पण मंडळावर प्रतिनिधी म्हणून कोण बसतो याची काळजी घ्यावीच लागेल. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ ला गेले. कायदा कागदावर मिळाला म्हणजे लढाई संपली असं त्यांनी कधीच मानलं नाही, आणि हमालांच्या पुढच्या पिढ्यांना त्याचा फायदा झाला.

माझा कौल सांगतो. जो माणूस आठवड्याचे बहुतेक दिवस, दिवसाचे बहुतेक तास एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर राबतो, तो तिचा कर्मचारी आहे, असं कायद्याने गृहीत धरावं आणि तसं नाही हे कंपनीने सिद्ध करावं. जे थोडा वेळ किंवा अनेक ठिकाणी काम करतात, त्यांच्यासाठी माथाडीच्या धर्तीचं मंडळ असावं, ऑर्डरीमागे लेव्ही असावी. आणि दोघांसाठीही तीन गोष्टी सारख्याच: वेटिंग धरून ऑर्डरीचा किमान दर, दर कसा काढला त्याचा हिशेब, आणि आयडी बंद करण्याआधी लेखी कारण देऊन म्हणणं ऐकून घेणं. ग्राहक म्हणून आपल्याला यासाठी ऑर्डरीमागे दोन-चार रुपये जास्त मोजावे लागतील. ते मोजायला हवेत.

महाराष्ट्र सरकारने यासाठी केंद्राची वाट पाहण्याचं कारण नाही. राजस्थान आणि कर्नाटकने पाहिली नाही. आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगार संघटनांना एक विनंती. गेटच्या आतल्या माणसासाठी करार कसा करायचा, पगारपत्रकातली एकेक ओळ कशी वाचायची, हे तुमच्याइतकं इथे कुणाला येत नाही. कारखान्याच्या भिंतीला गाडी लावून ऑर्डरीची वाट बघणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची कार्यालयं उघडी ठेवा, त्यांच्या पेआउटचे हिशेब त्यांच्यासोबत बसून तपासा, आणि त्यांना सभासद करून घ्या.